शिडीचा दगड

पाठीवरच्या टोपलीतून भाजलेल्या मांसाचा वास येतो आहे. मोहिमेच्या शिध्यात मेंढ्याच्या 2 तंगड्या आणि 24 कोंबड्या आहेत. त्यातली एक तंगडी आणि चार कोंबड्या तुमच्या वाट्याला आल्या आहेत. त्यावर लिंबं, साखर, सुके आलुबुखार, चॉकलेट. वाइनच्या 18 बाटल्या दुसऱ्या कोणाच्या पाठीवर किणकिणताहेत. टोपलीचे पट्टे खांद्यात रुतायला लागले आहेत, आणि गाव अजून मागे पडलेलं नाही.

सोमवार, 3 सप्टेंबर 1838. सकाळचे सहा. गाव शामोनी, उंची 1,035 मीटर. हा साव्हॉयचा मुलूख अजून फ्रान्सचा झालेला नाही; तो सार्डिनियाच्या राजाकडे आहे आणि आणखी 22 वर्षं तिकडेच राहणार आहे. दूर मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ला सहा वर्षं झाली आहेत. तिथून निघून इतक्या लांब, इतक्या मागे तुम्ही आला आहात, आणि या दरीतल्या एका शेतकऱ्याच्या पोराचं शरीर तीन दिवसांसाठी तुमचं झालं आहे. पायात तळाला खिळे ठोकलेले जड बूट. हातात डोक्याहून उंच काठी, तिच्या टोकाला लोखंडी अणी. सहा वाटाडे, सहा हमाल, आणि ज्यांच्यासाठी हे बाराजण निघाले आहेत त्या एक बाई.

आँरिएत दांजव्हिल. वय 44, अविवाहित, खानदानी घराण्यातल्या. आत फ्लॅनेल, त्यावर चौकड्यांची ढगळ विजार, वर लांब अंगरखा, लोकरीचं अस्तर लावलेली टोपी, गळ्याभोवती पिसांचा पट्टा, उन्हासाठी मखमलीचा काळा मुखवटा. बाईने विजार घालणं ही 1838 सालची बातमी आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक ती बघायला उभे आहेत. तुम्हाला ती विजार आवडते. निदान या बाईंनी चढायचं काय असतं याचा नीट विचार केला आहे. बाई हौसेखातर उचलून नेलं जायला आलेल्या नाहीत, हे त्यांच्या पहिल्या दोनशे पावलांतच तुम्हाला कळतं. सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला समोरच्याची चाल बघितली की कळतं.

पुढे प्रमुख वाटाड्या जोसेफ-मारी कुते. त्याच्या मागे बाकीचे. माँ ब्लाँवर जायचं म्हणजे शामोनीच्या वाटाड्यांच्या संघटनेमार्फतच जायचं. ती 1821 साली उभी राहिली: पाळी ठरलेली, दर ठरलेले, आणि मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी निधी. निधी का, ते रात्री कळेल. तुम्हाला ते आत्ताच माहीत आहे, आणि या प्रवासातली अवघड गोष्ट हीच आहे. टोपलीपेक्षा ती जड आहे.

पेलरँच्या रानातून वाट चढते. याच वस्तीत मारी पारादी राहते. आता साठीची. 1808 साली ती शामोनीतली गरीब मोलकरीण होती. गावातल्या वाटाड्यांनी तिला सोबत घेतलं आणि ती माँ ब्लाँच्या माथ्यावर पोहोचलेली पहिली बाई ठरली. शेवटच्या चढावर तिचे पाय चालेनात, श्वास पुरेना. ओढत, ढकलत, उचलत तिला वर नेलं. नंतर तिने ते कधी लपवलं नाही. या रानात ती उतरून येणाऱ्यांना खायला-प्यायला द्यायची आणि तिच्या नावामुळे चार पैसे सुटायचे. दांजव्हिलबाई खाली आल्यावर तिला जेवायला बोलावणार आहेत. एक स्वतःच्या पैशाने मोहीम उभारणारी, दुसरी गावच्या पोरांनी नेलेली. एका मेजावर बसून दोघी त्याच चढाबद्दल बोलतील. मारीचं पुढच्या वर्षी निधन होणार आहे. तिच्या घराकडे तुम्ही जरा जास्त वेळ बघता. मागचा हमाल काठीने टोचून पुढे व्हायला सांगतो.

झाडी संपते, घसारा लागतो. दगड सुटे, वर बघत चालायचं. मग एक मोठा धोंडा. त्याच्या पोटाखाली एक लांब शिडी आडवी ठेवलेली आहे. पिएर आ लेशेल, शिडीचा दगड. बोसाँ हिमनदी ओलांडायला लागणारी शिडी उन्हापावसापासून जपायची ही जागा. दोन हमाल ती ओढून बाहेर काढतात. तिचं एक टोक तुमच्या खांद्यावर येतं.

आणि समोर बर्फ.

लांबून तो पांढरा दिसत होता. जवळून तो निळा आहे, आणि राखाडी, आणि मळका, आणि त्याच्यात मनोरे आहेत, घरांएवढे. ऊन लागलं की त्यातला एखादा कोसळतो. पायाखाली सतत काहीतरी वाजत असतं: ठिबकणं, कडकणं, खोल कुठेतरी पाणी धावणं. या नदीला वेग असतो, हे शामोनीच्या लोकांना पुस्तकांच्या आधीपासून माहीत आहे. वर पडलेलं हिम वर्षानुवर्षं दबून बर्फ होतं आणि उतारावरून काकवीसारखं सरकत राहतं. कड्यावरून वळताना ते ताणलं जातं, फाटतं, आणि त्या भेगा पडतात ज्यांना क्रेव्हास म्हणतात. इथल्या लोकांकडे त्याचा एक पुरावाही आहे, तोही शिडीचाच. सोस्यूर या जिनिव्हाच्या विद्वानाने 1760 साली माँ ब्लाँची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं. 1786 साली शामोनीचा स्फटिक शोधणारा झाक बाल्मा आणि डॉक्टर पाकार माथ्यावर पोहोचले, आणि पुढच्या वर्षी सोस्यूर स्वतः 18 वाटाडे घेऊन चढला. याच सोस्यूरने 1788 साली शेजारच्या मोठ्या हिमनदीच्या वरच्या अंगाला एक शिडी टाकून दिली होती. 1832 साली तिचे तुकडे चार-पाच किलोमीटर खाली बर्फावर सापडले. 44 वर्षांत शिडी चालत आली होती.

भेगेवर शिडी टाकली जाते. पलीकडे एक वाटाड्या तिच्यावर बसतो, अलीकडे एक. तुम्ही गुडघ्यांवर. टोपली उजवीकडे झुकते, पट्टा मानेला कापतो, आणि दोन पायऱ्यांमधून खाली बघायचं नाही असं ठरवलेलं असूनही तुम्ही बघता. निळा रंग खाली खाली गडद होत जातो आणि मग रंगच उरत नाही. सगळी सकाळ जे मनात दाबून ठेवलं होतं ते इथे वर येतं: या बर्फाच्या पोटात, बरंच वर, तीन माणसं आहेत. आणि ती चालली आहेत.

दुपारी उशिरा ग्राँ म्यूले. ‘मोठी खेचरं’. हिमाच्या पसाऱ्यातून वर आलेले काळे सुळके, 3,051 मीटर. आज एका दिवसात तुम्ही 2,000 मीटरहून जास्त चढलात. समुद्रसपाटीपासून मोजलेल्या कळसूबाईच्या 1,646 मीटरपेक्षाही जास्त. उद्या आणखी 1,750. आजचा कोणीही जाणता वाटाड्या तुम्हाला असं नेणार नाही. तो आधी आठवडाभर कमी उंचीवर फिरवेल, शरीराला सवय लावेल. 1838 साली कोणालाच ते ठाऊक नाही. हवा विरळ असते एवढं कळलेलं आहे, पण विरळ हवेत शरीराला नेमकं काय कमी पडतं हे पॉल बेर हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ सविस्तर मांडेल ते 1878 साली. तोवर माणसं वर जातील, डोकी धरून बसतील, ओकतील, झोपतील आणि कोणी बर्फाच्या तेजाला, तर कोणी वाइनला दोष देतील.

इथे अजून झोपडी नाही, ती 15 वर्षांनी बांधली जाईल. खडकाला टेकून शिड्या-काठ्या, त्यावर कापड, झाला तंबू. तो बाईंसाठी. बाकीचे खडकावर गोधडीत. टोपली खाली ठेवल्यावर खांदे आपोआप वर उचलले जातात, जणू अजून कोणीतरी त्यांना ओढतंय. तंगडी कापली जाते. तुम्हाला गार मांसाचा एक तुकडा मिळतो, त्याला धुराची आणि मिठाची चव आहे. वाटाडे गाणी म्हणतात. एकाने सुरू केलं की खालच्या खडकावरून दुसरा उचलतो. अधूनमधून डाव्या-उजव्या उतारांवरून हिमकडे सुटतात. तोफेसारखा आवाज, मग लांबणारी घरघर, मग पुन्हा गाणं तिथूनच पुढे.

गाणी थांबल्यावर एक पिकल्या केसांचा वाटाड्या तुमच्या शेजारी येऊन बसतो. नवीन पोराला हे सांगायचं असतं, बहुधा प्रत्येकाला याच खडकावर सांगितलं जातं.

“वीस सालची गोष्ट,” तो म्हणतो. “हामेल नावाचा डॉक्टर आला होता, रशियाच्या दरबारातला. बरोबर दोन इंग्रज, आणि आपले बारा. इथे पाऊस-हिमात अडकले. उघाड मिळाल्यावर निघाले. वर ताजं हिम होतं, पोरा. हातभर ताजं हिम. ओळीने आडवे चालले होते. सगळा उतारच सुटला. खालच्या भेगेत गेले ते. दोघांना ओढून काढता आलं. तिघं राहिले.”

पिएर बाल्मा, पिएर कारिए, ऑग्यूस्त तेराझ. 20 ऑगस्ट 1820. पुढे जायचा आग्रह कोणाचा होता यावर वर्षानुवर्षं वाद झाले, पण मेले ते फक्त वाटाडे; पैसे देऊन आलेल्यांपैकी कोणी नाही. पुढच्या वर्षी संघटना निघाली, विधवा-पोरांसाठी निधी निघाला.

“सापडले नाहीत,” म्हातारा म्हणतो. “बर्फ ठेवून घेतो.”

तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं की ठेवून घेत नाही. ऑगस्ट 1861 मध्ये बोसाँच्या खालच्या टोकाशी, शेतांच्या जवळ, बर्फ त्यांना बाहेर काढून देणार आहे. कवट्या, केस, एक हात. गवती टोपी, कंदील. आणि शिजवलेली मेंढ्याची तंगडी, 41 वर्षांनी, इतकी टिकलेली की उघड्या हवेत आल्यावर ती वास मारायला लागेल. जेम्स फोर्ब्स नावाचा स्कॉटिश शास्त्रज्ञ चार वर्षांनी इथे येऊन बर्फाचा वेग मोजायला सुरुवात करेल आणि साधारण चाळीस वर्षांचा अंदाज आधीच सांगून ठेवेल. त्या तिघांच्या घरी हे आज सांगितलं तर काय होईल? 23 वर्षं दरवर्षी उन्हाळ्यात बर्फाच्या टोकाशी जाऊन उभं राहायचं? तुमच्या हातात अजून मांसाचा तुकडा आहे. तो तुम्ही खाली ठेवता.

आणि जे म्हाताऱ्याला कधीच कळणार नाही ते तर आणखी पुढचं आहे. 3 नोव्हेंबर 1950 रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ याच डोंगरावर, माथ्याच्या जवळ आदळेल. 48 माणसं, प्रवासी बहुतेक भारतीय खलाशी, इंग्लंडला जहाजावर रुजू व्हायला चाललेले. त्यांच्या शोधाला शामोनीहून पथक निघेल, आणि त्याच्या पुढे असलेला वाटाड्या रने पायो बर्फात जाईल. या दरीतला माणूस, मुंबईहून निघालेल्या अनोळखी माणसांना शोधता शोधता. मग 24 जानेवारी 1966. पुन्हा मुंबईहूनच निघालेलं विमान, बोइंग 707, नाव ‘कांचनजंगा’. जवळपास त्याच जागी. 117 माणसं, त्यात होमी भाभा. ट्रॉम्बेला, कुलाब्याच्या संशोधन संस्थेत त्यांची वाट बघणारी टेबलं. लहानपणापासून भाभांच्या अपघाताबद्दल ऐकताना तुम्ही ‘आल्प्स’ एवढाच शब्द ऐकलेला आहे. आज तुम्ही त्या शब्दावर झोपला आहात.

पहाटे दोनला उठवतात. पौर्णिमेचा चंद्र आहे, कंदिलाची फारशी गरज नाही. निम्मं सामान इथेच राहतं. तुमची टोपली हलकी होते. हिम गोठून कडक झालेलं, खिळे त्यात करकरतात. पुढचा माणूस कुऱ्हाडीने पायऱ्या खोदतो, तुकडे उतारावरून किणकिणत खाली जातात. छोटं पठार, मग मोठं पठार. पन्हाळ्यासारखी रुंद, चहूबाजूंनी हिमाच्या भिंती असलेली माची. इथून सरळ वरची जुनी वाट म्हणजे 1820 ची वाट. 1827 पासून डावीकडून, कोरिदोर नावाच्या पोकळीतून जातात. त्या जुन्या उताराकडे कोणी बोट दाखवत नाही, पण बारापैकी प्रत्येकाची मान त्या बाजूला वळलेली तुम्ही बघता.

म्यूर द ला कोत. भिंत. इथे बाई खचतात. दहा-पंधरा पावलं, की गुडघे मोडतात, आणि त्या हिमात झोपी जातात, बसल्या बसल्या, एका क्षणात. वाटाडे थांबतात. उठवतात. पुन्हा दहा पावलं. हे त्यांचं एकट्याचं नाही. तुमच्याही कानांत रक्त धडधडतंय, जीभ कोरडी आहे, एक पाऊल उचलायचं तर आधी तीन श्वास साठवावे लागतात. बूट कोणाचा आहे, पाय कोणाचा, हे विसरायला होतं. टोपली टाकून इथेच आडवं व्हावं ही इच्छा इतकी गोड असते की तिचीच भीती वाटायला हवी. मग बाई वाटाड्यांकडून वचन घेतात: मी वाटेत मेले तर माझं प्रेत माथ्यावर न्या. आणि वाटाडे ते देतात. वचन देणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघा. प्रेत उचलून नेणं म्हणजे काय ते यांना ठाऊक आहे, आणि उचलता न आलेली प्रेतं म्हणजे काय तेही.

वचन मिळाल्यावर बाई उठतात. उचलून घ्यायला मात्र त्या तयार नाहीत. काठी रोवतात, पाऊल, काठी, पाऊल. मारी पारादीचे पाय जिथे थांबले तिथून यांचे पाय पुढे जातात, आणि मला या दोघींत लहान-मोठी ठरवता येत नाही.

दुपारी एक वाजून गेल्यावर चढ संपतो. अंदाजे 4,800 मीटर; हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच अधिक. आणि गंमत अशी की माथ्यावर पोहोचल्यावर बाईंची झोप पार उडते. डोळे लख्ख. उत्तरेला जिनिव्हाचं सरोवर, पूर्वेला मॅटरहॉर्न, ज्याच्यावर अजून कोणी गेलेलं नाही आणि 1865 पर्यंत जाणार नाही, दक्षिणेला इटलीचा धूसर पट्टा. बाई हिमावर बसून ओळखीच्यांना पत्रं लिहितात. काठीच्या टोकाने बर्फात कोरतात: इच्छा असेल तर करता येतं. मग वाटाडे त्यांना हातांवर उचलतात, डोक्यांच्या वर, म्हणजे माँ ब्लाँहूनही त्या उंच व्हाव्यात म्हणून. बाई हसतात. वाटाडे हसतात. त्या हातांमध्ये एक हात तुमचा आहे.

तुम्ही मात्र पश्चिमेकडे, माथ्याच्या थोडं खाली बघताय. खडकाचे काळे कंगोरे, त्यावर ऊन. काही नाही तिथे. अजून 112 वर्षं काही नसणार आहे.

उतरणं भरभर होतं. ग्राँ म्यूलेला दुसरी रात्र. या वेळी कोणी गात नाही, सगळे मेल्यासारखे झोपतात. 5 तारखेला सकाळी पुन्हा बोसाँवर. टोपली जवळजवळ रिकामी आहे, तळाशी तंगडीचं हाड आहे. तीन दिवसांत भेग थोडी सरकली आहे की हा नुसता भास, कोण जाणे. शिडी परवाहून तोकडी वाटते. पुन्हा गुडघे, पुन्हा पायऱ्या, पुन्हा तो निळा रंग.

या वेळी तुम्ही मुद्दाम बघता. या खालच्या बर्फातून 1861 जाईल. नंतर, खूप नंतर, जेव्हा हा बर्फ पातळ होईल आणि आज शेतांपर्यंत उतरलेली त्याची जीभ डोंगरात मागे मागे सरकत जाईल, तेव्हा तो आणखी काय काय सोडत जाईल: 2012 साली भारत सरकारचा शिक्का असलेली एक टपालाची पिशवी, पुढच्या वर्षी पाचू-माणकं-नीलम भरलेली डबी, जी एका गिर्यारोहकाला सापडेल आणि तो ती प्रामाणिकपणे पोलिसांत देईल, 2020 साली इंदिरा गांधींच्या निवडीचे मथळे असलेली जानेवारी 1966 ची भारतीय वर्तमानपत्रं, ओली, पण वाचता येण्याजोगी. कोणीतरी ती उन्हात वाळत घालेल.

शिडीच्या पलीकडच्या टोकावर तो म्हातारा वाटाड्या बसलेला आहे. शेवटच्या पायरीवर तुमचा बूट घसरतो आणि तो तुमचं मनगट पकडतो. भेगाळलेला, दोरांनी घासून जाड झालेला पंजा, अंगठ्याजवळ जुना व्रण. 1861 साली त्या दुर्घटनेतून वाचलेल्या एका वाटाड्याला बर्फातून आलेला एक हात दाखवतील, आणि तो आपल्या जोडीदाराचा हात ओळखेल. तोंड नाही, नाव नाही, नुसता हात. तुम्ही म्हाताऱ्याच्या हाताकडे बघता. आपण तोल सावरला आहे, आता तो सोडेल असं वाटतं. तो लगेच सोडत नाही.

घसाऱ्यावर बाकीचे पुढे गेलेले असतात. खाली दरीत शामोनीची तोफ वाजते, मग दुसऱ्यांदा; बाईंच्या स्वागतासाठी. तुम्ही दोघं शिडी उचलता, धोंड्यापाशी आणता आणि त्याच्या पोटाखाली सरकवता. म्हातारा वाकून बघतो, पावसाचं पाणी लागणार नाही ना याची खात्री करतो, आणि शिडी आणखी हातभर आत ढकलतो.